गांव करी तें राव न करी

ही म्हण व्यवस्थापकानें रोज स्मरावी. खराडीच्या शेतांवर आज संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या आहेत. जमीन एकदां विकली कीं हातीं रोख रक्कम तेवढी उरते, व ती फार दिवस पुरत नाहीं. मुळा-मुठेपलीकडे हडपसरास मगरपट्ट्यांतील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं निराळी वाट धरली. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें त्यांनीं सुमारें ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली व जमिनीच्या प्रमाणांत प्रत्येकास तिचे भाग मिळाले. २००० सालच्या सुमारास तेथें नगर उभें राहूं लागलें. पुढाऱ्यानें यांतून एवढेंच घ्यावें, कीं अर्ध्या एकराच्या धन्यासहि हिशेब उघडा असावा. विश्वास उडाला कीं एकी मोडते. आमच्या वाचकांनीं खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं भावकीस एकत्र बसवून पाहावें.