फुगलेली वाळू

गावाकडच्या घराचा गिलावा करायचा होता. सकाळी सातलाच वाळूचा डंपर दारात येऊन उभा राहिला. वाळू म्हणजे हल्लीची क्रशसँड, धुतलेली. फाळक्याच्या फटीतून अजून पाणी ठिबकत होतं. "दोन ब्रास," चालक म्हणाला. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे घर बांधायला काढलेल्या माणसाला आठवड्यात पाठ होतं. मी टेप घेऊन वर चढलो. आतून लांबी 10 फूट, रुंदी साडेसहा. खोली मोजताना काठी पाच ठिकाणी खुपसली, कारण भरणारा मधोमध शीग चढवतो आणि कोपरे तसेच राहतात. सरासरी 3 फूट. म्हणजे 195 घनफूट. पाच घनफुटांवरून कोण भांडणार! पैसे दिले.

शीग हा शब्द आजीचा. पायलीनं ज्वारी घालताना ती काठाशी हात फिरवायची, घेताना मात्र शिगोशीग मागायची. पायली तीच, ज्वारीही तीच.

गाडी गेल्यावर मिस्त्रींनी मूठभर वाळू घेऊन दाबली आणि मूठ उघडली. लाडू तसाच राहिला. "साहेब, ही फुगलीय."

मला पटेना. पाणी पिऊन लाकूड फुगतं, दगडाचा चुरा कसा फुगेल? त्यांनी घरातून एक काचेची बरणी मागवली. तिच्यात वाळू न दाबता, सैल भरली. पट्टी लावली तर 20 सेंटिमीटर. ती बाहेर काढून बरणीत निम्मं पाणी घेतलं, तीच वाळू थोडीथोडी परत सोडली आणि सळईनं ढवळली. बुडबुडे थांबले तेव्हा वाळू 16 वर बसली होती.

दाणा फुगत नाही, दाण्यांमधली जागा फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा चढतो, कण एकमेकांना धरून राहतात, खाली घसरत नाहीत. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की हे सगळ्यात जास्त. बारीक वाळूत तर आणखी. पूर्ण भिजवली की पापुद्रे मोडतात आणि वाळू कोरडीइतकीच भरते. 20 चे 16, म्हणजे माझ्या 195 घनफुटांतली खरी वाळू 156. दोन ब्रासच्या पैशांत दीड ब्रासला थोडी वर.

पुढची गाडी मी वजनकाट्यावरून आणायला लावली. कोरडी वाळू घनमीटरला साधारण 1,600 किलो, ब्रास 2.83 घनमीटर, म्हणजे ब्रासला साडेचार टन. तेवढीच भरलेली दुसरी गाडी साडेसात टनांच्या आत भरली; कोरडी असती तर पावणेनऊ भरायला हवी होती. वजनातही पाणी येतं, पण ते पाच टक्के. मापात पंचवीस. तरी वाळू मापानंच विकली जाते. पुरवठादाराला फोन केला, तर त्यानं ओल्या-कोरड्याचा भाव वेगळा असतो का, असं मलाच विचारलं. नसतो.

मिस्त्रींचा हिशेब वेगळा होता. सिमेंटचं 50 किलोचं पोतं 35 लिटर भरतं, म्हणून वाळू मोजायचा फर्माही 35 लिटरचा. एकास चारच्या मालाला पोत्यामागं चार फर्मे वाळू. चौथा फर्मा उलटल्यावर मी पाण्याच्या पाइपाकडं वळलो, तर ते म्हणाले, "थांबा," आणि पाचवा भरायला लागले.