गुणाकाराच्या जागी बेरीज : समाईक मानक कसे ठरते?

साल २००२. वार्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती. जालना जिल्ह्यातील आम्ही काही विज्ञानशिक्षक मिळून नववीची प्रश्नपत्रिका तयार करीत होतो. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून प्रत्येकाने आपापले प्रश्न संगणकावर टंकलिखित करून फ्लॉपीवर आणले. छापखान्यात त्या फ्लॉप्या उघडल्या, तर पडद्यावर मराठीचा एक शब्दही नव्हता. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची आणि डॉलरची चिन्हे यांची नुसती खिचडी! छापखान्यातील मुलाने आपल्याकडचा मराठी फाँट लावून पाहिला. मराठी अक्षरे उमटली खरी, पण ती भलतीच. शिवाय रासायनिक सूत्रांतील इंग्रजी अक्षरांचेही मराठीत काहीतरी विचित्र होऊन बसले. शेवटी दोन रात्री जागून सगळे प्रश्न पुन्हा टंकलिखित करावे लागले.

चूक कोणाची होती? टंकलेखन सर्वांचे बिनचूक होते. संगणक चांगले होते. दोष होता तो दोन चांगल्या वस्तूंच्या मधल्या जागेत. ही मधली जागा नीट बांधण्याला 'समाईक मानक ठरवणे' म्हणतात. ते कसे ठरते आणि का फसते, हे आज आपण पाहू या. त्यासाठी आधी आपल्या लिपीचे उदाहरण घेऊ आणि मग आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या जगात जाऊ.

तीस तक्ते की बारा?

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो साठवायचा, एवढेच संगणक करतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक सर्वत्र सारखे आहेत. मराठी फाँट बनवणाऱ्यांनी मात्र अक्षरांचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धा क, रफार इत्यादी, इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी बसवले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या मर्जीने. म्हणून एकाचा 'क' दुसऱ्याकडे गेला की त्याची वेलांटी होई.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे एका फाँटमधून दुसऱ्यात नेणारा तक्ता करणे. समजा, सहा प्रकारचे फाँट आहेत. प्रत्येकातून उरलेल्या पाचांत जायचे, तर ६ × ५ = ३० तक्ते लागतील. सातवा फाँट आला की आणखी १२ वाढतील. आता दुसरा उपाय पाहा. सर्वांना मान्य असा एकच समाईक संकेत ठरवायचा. प्रत्येक फाँटसाठी दोनच तक्ते करायचे, एक समाईक संकेतात जाण्याचा आणि एक तेथून परत येण्याचा. मग सहा फाँटना १२ तक्ते पुरतात, आणि सातव्यासाठी फक्त दोन वाढतात. गुणाकाराच्या जागी बेरीज आली. समाईक मानकाचे सारे गणित एवढेच आहे.

असा समाईक संकेत आपल्याकडे नव्हता असे नाही. भारतीय लिपींसाठीचा 'इस्की' हा संकेत १९८८ मध्ये सुधारला गेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारला. त्यामागील 'जिस्ट' तंत्राचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. इस्कीत 'क'चा क्रमांक १७९ आहे, मग तो देवनागरी असो, गुजराती असो की बंगाली. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. युनिकोडमध्ये देवनागरी 'क' म्हणजे २३२५.

म्हणजे २००२ साली आमची फजिती झाली तेव्हा मानक कागदावर येऊन अकरा वर्षे झाली होती! विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोयही होती. पण आमच्या गावांतील संगणकांवर, छापखान्यांत आणि टंकलेखन करणाऱ्यांच्या हातांत ते पोहोचले नव्हते. मानक लिहिणे वेगळे आणि ते रुजणे वेगळे. हा मुद्दा पुढे लागेल, लक्षात ठेवा.

साधनसंच आणि साधने

आता दुसऱ्या क्षेत्रात जाऊ. २००५ च्या सुमारास वेब पानांचे रूप बदलू लागले. पूर्वी पानावरची एक गोष्ट बदलायची तर सारे पान नव्याने मागवावे लागे. आता पान जागच्या जागी बदलू लागले, नकाशा बोटासरशी सरकू लागला. या तंत्राला २००५ मध्येच 'एजॅक्स' हे नाव पडले. पण प्रत्येकाने तारखेची चौकट, यादी, तक्ता हे सारे मुळापासून लिहायचे म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून तयार भागांचे साधनसंच निघाले. त्यांना टूलकिट म्हणतात. प्रोटोटाइप, डोजो, जेक्वेरी, वाययूआय ही त्यांतील काही नावे.

दुसरीकडे, आज्ञावली लिहिणारा माणूस साध्या कोऱ्या पानावर लिहीत नाही. त्याच्यापाशी खास साधने असतात. एक्लिप्स, नेटबीन्स, व्हिज्युअल स्टुडिओ, ड्रीमवीव्हर ही त्या काळातील परिचित साधने. शब्द अर्धा लिहिला की साधन पुढचे पर्याय सुचवते, चूक झाली की तिच्याखाली रेघ ओढते, एखाद्या नावावर बाण नेला की त्याचा अर्थ दाखवते. पण त्यासाठी साधनाला तो साधनसंच माहीत हवा. त्यात कोणकोणत्या क्रिया आहेत, प्रत्येकीला काय द्यायचे, ती परत काय देते, हे ठाऊक असल्याशिवाय ते सुचवणार काय? शब्दकोशाशिवाय शुद्धलेखन तपासता येत नाही, तसेच हे.

त्यातून जावास्क्रिप्ट ही भाषा मोकळीढाकळी. एखाद्या जागी संख्या येणार की शब्द, हे त्यात आधी सांगावे लागत नाही. त्यामुळे नुसता मजकूर वाचून साधनाला फारसा अंदाज बांधता येत नाही. ही माहिती वेगळी पुरवावी लागते.

समजा, आठ साधनसंच आहेत आणि पाच साधने आहेत. प्रत्येक साधनाने प्रत्येक संचाची ओळख स्वतंत्रपणे करून घ्यायची, तर ८ × ५ = ४० जोडण्या. संचाची नवी आवृत्ती निघाली की पाचही जोडण्या पुन्हा तपासायच्या. समाईक मांडणी ठरली, तर ८ + ५ = १३. प्रश्नपत्रिकेचेच गणित पुन्हा पुढे आले.

बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी

ही समाईक मांडणी म्हणजे नेमके काय, हे जालन्याच्या माणसाला समजावणे सोपे आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून हे शहर बियाण्यांसाठी ओळखले जाते. पेरणीच्या दिवसांत बाजारात अनेक कंपन्यांच्या पिशव्या असतात. शेतकरी पिशवी फोडून दाणा उगवून पाहत नाही; तो चिठ्ठी वाचतो. पीक कोणते, वाण कोणता, लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती टक्के. १९६६ च्या बियाणे कायद्याने या चिठ्ठीला आधार दिला. प्रमाणित सोयाबीनची उगवणशक्ती निदान ७० टक्के हवी, हेही ठरलेले आहे. कंपनी कोणतीही असो, चिठ्ठीवरच्या बाबी त्याच. म्हणून एक चिठ्ठी वाचता आली की सगळ्या वाचता येतात.

साधनसंचालाही अशीच चिठ्ठी लावावी, अशी कल्पना पुढे आली. २००६ मध्ये आयबीएमच्या पुढाकाराने अनेक कंपन्यांनी 'ओपन एजॅक्स' नावाची युती स्थापन केली. तिच्या एका गटाने साधने आणि साधनसंच यांच्यातील समाईक मानक आखायला घेतले. ठरले ते असे : प्रत्येक संचासोबत ठरावीक रचनेची एक फाईल असावी. तिच्यात क्रियांची नावे, त्यांना द्यायच्या बाबी, त्यांचे प्रकार, थोडक्यात वर्णन आणि उदाहरणे लिहिलेली असावीत. तारखेच्या चौकटीसारखे तयार भाग असतील, तर त्यांचे गुणधर्मही तेथेच सांगावेत. म्हणजे कोणतेही साधन ती फाईल वाचून संचाची ओळख करून घेईल.

योजना ठरवताना कोणते प्रश्न सोडवावे लागतात, याचा विचार करा. चिठ्ठी कोणी लिहायची, संच बनवणाऱ्याने की साधन बनवणाऱ्याने? कोणत्या बाबी सक्तीच्या आणि कोणत्या ऐच्छिक? सक्तीच्या बाबी फार ठेवल्या तर कोणी चिठ्ठी लिहिणार नाही. फार कमी ठेवल्या तर तिचा उपयोग होणार नाही. एखाद्या संचात काही आगळेच असेल, तर ते मांडायला जागा कोठे? आणि संच बदलला पण चिठ्ठी जुनीच राहिली, तर? जुन्या तारखेची चिठ्ठी ही चिठ्ठी नसण्यापेक्षा वाईट, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुढे काय झाले?

हे मानक तयार झाले, पण सार्वत्रिक झाले नाही. त्याची एक खूण मात्र उरली. अ‍ॅडोबी कंपनीच्या काही साधनांत तयार भाग एकाकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी जी 'ओएएम' फाईल वापरली जाते, तिचे नाव याच मानकावरून आले आहे.

ते का रुजले नाही? आम्हांला दोन कारणे दिसतात. संच बनवणाऱ्यावर वेगळी चिठ्ठी लिहिण्याचा बोजा पडत होता आणि फायदा मात्र दुसऱ्याच्या साधनाला होणार होता. दुसरे असे की काही वर्षांत जेक्वेरी हा एकच संच फार लोकप्रिय झाला. एका बाजूला एकच वस्तू उरली की गुणाकार आपोआप लहान होतो आणि मानकाची निकड कमी होते.

प्रश्न मात्र संपला नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट ही भाषा आणली. तिच्यात संचाचे वर्णन करणाऱ्या वेगळ्या घोषणा-फाईली असतात. अनेक स्वयंसेवकांनी शेकडो संचांसाठी त्या लिहून काढल्या. चिठ्ठीची कल्पनाच वेगळ्या रूपात परतली. मग २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासह एक नवा संकेत जाहीर केला. त्याचे नाव 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल'. यात नुसती चिठ्ठी नाही, संभाषण आहे. भाषेची जाण असलेली एक स्वतंत्र आज्ञावली असते. साधन तिला विचारते, "या फाईलच्या अमुक ओळीत, अमुक जागी, पुढे काय काय येऊ शकेल?" ती यादी पाठवते. प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसे द्यायचे, एवढेच मानकाने ठरवले. आज अनेक साधने आणि अनेक भाषा याच संकेताने बोलतात. हा संकेत घेऊन येणारे साधन लोकांच्या हातात आधीच होते, आणि जोडणी करणाऱ्या दोघांनाही लगेच फायदा दिसत होता. रुजण्याचे रहस्य यातच असावे.

'जालना' किती अक्षरांचा?

मानकात बारीकसारीक गोष्टीही सांगाव्या लागतात, याचे एक उदाहरण आपल्याच गावाच्या नावात आहे. 'जालना' या शब्दाची लांबी किती? मुले म्हणतील, तीन अक्षरे. युनिकोडच्या हिशेबाने ज, काना, ल, न, काना असे पाच घटक होतात. यूटीएफ-१६ पद्धतीने साठवला तर पाच एकक, आणि यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येकी तीन याप्रमाणे पंधरा बाइट. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर!

आता साधन पाचाने मोजते आणि पलीकडची आज्ञावली पंधराने मोजते, असे समजा. 'जालना' या शब्दानंतर चूक असेल, तर तिच्याखालची लाल रेघ दहा जागा पुढे पडेल. इंग्रजीत प्रत्येक अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे हा घोटाळा इंग्रजी लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. या संकेताने सुरुवातीला यूटीएफ-१६ एककांनीच मोजायचे ठरवले. २०२२ च्या ३.१७ या आवृत्तीपासून, कोणत्या पद्धतीने मोजायचे हे दोन्ही बाजूंनी आरंभीच ठरवून घेण्याची सोय झाली.

मानक ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आपल्या भाषेचा जाणकार का असावा, याचे याहून चांगले कारण शोधायला नको. जो तेथे नसतो, त्याच्या अडचणी कोणाला सुचत नाहीत.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांचे पाच गट करा. प्रत्येक गटाने दहा अक्षरांसाठी आपापले गुप्त आकडे ठरवावेत आणि त्यांत चिठ्ठ्या लिहून इतर गटांना पाठवाव्यात. सर्वांना सर्वांच्या चिठ्ठ्या थेट आपल्या आकड्यांत आणायच्या, तर किती तक्ते लागले ते मोजा, वीस येतील. मग सर्वांनी मिळून एक समाईक संकेत ठरवावा आणि पुन्हा मोजावे, दहाच लागतील. मात्र समाईक संकेत ठरवताना होणारा वाद थांबवू नका. जोडाक्षराला एक आकडा की दोन? वेलांटी आधी की नंतर? जुन्या फाँटमध्ये वेलांटी व रफार दिसतात त्या जागी लिहिलेले असत. म्हणून तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना अजूनही 'सूर्य'चा 'सूयर्' आणि 'पर्यावरण'चे 'पयार्वरण' झालेले सापडते. अशी उदाहरणे मुलांना शोधायला सांगा.

२००२ च्या त्या प्रश्नपत्रिकेची फ्लॉपी आमच्याकडे अजून आहे. ती वाचणारे यंत्र मिळाले, तरी तो फाँट आता मिळणार नाही. आमच्या आजच्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये असतात. भोकरदनला लिहिलेला प्रश्न मंठ्याला जसाच्या तसा उघडतो, आणि तो तसा उघडतो याचे आता कोणाला नवलही वाटत नाही.