उतारवयातील व्यायाम

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पहाटे फिरावयास येणाऱ्यांत वृद्ध स्त्रीपुरुष पुष्कळ असतात. ऊन चढण्यापूर्वी ते घरी परततात, हे योग्यच होय. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम सहजी वाळत नाही आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. त्यातच उतारवयात तहानेची जाणीवही मंद झालेली असते.

चालणे हृदयास हितकारक असले, तरी वृद्धांसाठी व्यायामवर्ग चालविणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. वृद्धांचे स्वावलंबन अनेकदा हिरावले जाते ते पडण्यामुळे. वयाबरोबर मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, दृष्टी अधू होते, अंतर्कर्णातील समतोलाचे इंद्रियही मंदावते. आणि ठिसूळ झालेले खुब्याचे हाड साध्या पडण्यानेही मोडते. म्हणून खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येते काय, हा प्रश्न किती अंतर चालता येते याहून कमी महत्त्वाचा नाही.

क्षीण झालेले स्नायू पुन्हा बळावतात काय? अमेरिकेतील बोस्टन येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा जणांनी देखरेखीखाली पायांनी वजन उचलण्याचा आठ आठवड्यांचा व्यायाम सुरू केला. नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले. सौम्य व्यायाम म्हणजे श्रमहीन व्यायाम नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

चेन्नईला हा विषय नवा नाही. येथील सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. योगाचार्य टी. कृष्णमाचार्य (1888–1989) यांचे उत्तरायुष्यही याच शहरात गेले. आसन माणसाला जुळवून घ्यावे, माणूस आसनाला नव्हे, अशी त्यांच्या परंपरेची शिकवण आहे. वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी खुबा मोडला असता त्यांनी शस्त्रक्रिया नाकारून अंथरुणातच करता येतील असे व्यायाम योजले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ही जिद्द थोर खरी. शस्त्रक्रियेस दिलेला नकार मात्र इतरांनी गिरवू नये.

वर्गात येणाऱ्याने प्रथम वैद्यांचा सल्ला घ्यावा. आरंभी पाचदहा मिनिटे सांधे मोकळे करावेत. नंतर भिंतीला टेकवून ठेवलेल्या भक्कम खुर्चीवरून सावकाश उठणे व बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर क्षणभर उभे राहणे, असा क्रम ठेवावा. पहिल्या आठवड्यात पाच वेळा उठणे झाले तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये वृद्धांना समतोल व बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करण्यास सांगितले आहे. व्यायाम चालू असता श्वास कोंडू नये. शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलता येतील इतकाच वेग राखावा. छातीत दुखू लागल्यास वा भोवळ आल्यास तत्काळ थांबावे व वैद्यांस बोलवावे.