आर्किटेक्ट झाल्यावर पुन्हा दोन वर्षं कॉलेज?

बी.आर्क.ची शेवटची ज्युरी झाली, घरात पेढे वाटून झाले आणि आठवडाभरातच मुलगी म्हणते, ‘‘बाबा, मला एम.आर्क. करायचंय.’’ आईबाबा एकमेकांकडे बघतात. पाच वर्षं तिने रात्र-रात्र जागून माउंटबोर्ड कापलेले त्यांनी पाहिलेत, मोठमोठ्या प्रिंटांची बिलं भरलीत. तिच्याबरोबर बारावी झालेली इंजिनीअर मुलं केव्हाच नोकरीला लागलीत. तेवढ्यात काकू विचारतात, ‘‘अजून शिकायचं राहिलंच आहे का? मग आता झाली ती कोण?’’

काकूंचा प्रश्न मुळीच वेडगळ नाही. आपल्या देशात १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार मान्यताप्राप्त बी.आर्क. करून काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली की तुम्ही आर्किटेक्ट झालात. नावापुढे तसं लिहू शकता, स्वतःचं ऑफिस थाटू शकता, नकाशांवर सही करू शकता. त्यासाठी एम.आर्क. लागत नाही. म्हणजे डॉक्टरांच्या एम.डी.सारखी ‘ती नसेल तर कोण विचारणार’ अशी ही पदवी नाही. म्हणूनच ती का करायची, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवावं लागतं.

बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्यात जन्मले, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकले आणि पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या ऑफिसात काम करत घडले. १९६२मध्ये त्यांनी अहमदाबादला आर्किटेक्चरची शाळा सुरू केली, तीच पुढे सेप्ट विद्यापीठ झाली. २०१८मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं मोठेपण मास्टर्सच्या कागदावर उभं नव्हतं. उलट बाजूला अच्युत कानविंदे बघा. सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचा हा मुलगा जे.जे.तून बाहेर पडला, अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकला आणि परत येऊन त्याने आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. दोघांचे रस्ते वेगळे, पण काय शिकायला जातोय हे दोघांनाही ठाऊक होतं.

पळवाट म्हणून नको

खरं बोलायचं तर बरीच मुलं एम.आर्क.कडे वळतात ती पहिल्या नोकरीला कंटाळून. ऑफिसात सकाळी दहाला गेलेला माणूस रात्री नऊला सुटतो, दिवसभर दुसऱ्याच्या डिझाइनमधल्या टॉयलेटच्या टाइल्स काढत बसतो आणि महिन्याच्या शेवटी हातात येणारा पगार आत्याला सांगायचीही लाज वाटते. अशा वेळी कॉलेज म्हणजे सुटका वाटते. पण दोन वर्षांनी तुम्ही बाहेर पडाल तेव्हा ऑफिसं तीच असतील, मालक तेच असतील आणि वय दोन वर्षांनी वाढलेलं असेल. नुसत्या एम.आर्क.मुळे पगार दुप्पट होतो, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एक कारण मात्र अगदी सरळ आहे. आर्किटेक्चर कॉलेजात पूर्णवेळ शिकवायचं असेल तर मास्टर्स लागतेच. ज्यांना शिकवण्याची ओढ आहे, त्यांनी फार विचार करू नये.

बाकीच्यांसाठी कसोटी एवढीच, की तुमच्याकडे एखादा प्रश्न आहे का? बी.आर्क.मध्ये सगळं थोडं थोडं शिकवतात. एम.आर्क.मध्ये तुम्ही एकच दार निवडता. शहररचनेचं म्हणजे अर्बन डिझाइनचं, लँडस्केपचं, ऊर्जा आणि पर्यावरणाचं, घरबांधणीचं किंवा जुन्या वास्तूंच्या जतनाचं. हे शेवटचं दार मी इथे सविस्तर उघडून दाखवते, कारण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीत एखादं मोडकळीला आलेलं जुनं घर आहेच.

रिकामा प्लॉट आणि भरलेला वाडा

बी.आर्क.च्या बहुतेक अभ्यासात समोर रिकामा प्लॉट असतो. काय बांधायचं ते तुम्ही ठरवता. कॉन्झर्वेशनच्या पहिल्याच सत्रात समोर उभी असते दीडशे-दोनशे वर्षांची इमारत आणि तिच्यात राहणारी माणसं. आता तुमच्या मताला थोडं मागे उभं राहावं लागतं.

पहिलं काम मोजण्याचं. ऐकायला सोपं, करायला घाम काढणारं. जुन्या वाड्यातली एकही खोली काटकोनात नसते. म्हणून नुसती लांबी-रुंदी मोजून भागत नाही, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावे लागतात. भिंत किती झुकली आहे ते ओळंबा सोडून पाहायचं. एकाने मोजपट्टी धरायची, दुसऱ्याने आकडा सांगायचा, तिसऱ्याने लिहायचा. वटवाघळं, कोळीष्टकं, तुटलेला जिना हे सगळं त्यात आलं. आता लेझर स्कॅनर आणि ड्रोन आलेत, तरी चांगले शिक्षक आधी हातानेच मोजायला लावतात. हाताने मोजलं की भिंतीची जाडी दर वेळी एवढी का बदलते, इथे पूर्वी खिडकी होती का, असे प्रश्न आपसूक पडतात. यंत्र ठिपके देतं, प्रश्न विचारत नाही.

मग त्याच नकाशावर रोगांची नोंद. कुठे ओल, कुठे तडा, कोणत्या खांबाला वाळवी, कोणती तुळई वाकली, हे वेगवेगळ्या रंगांनी दाखवायचं. डॉक्टर पेशंटचा केसपेपर लिहितो तसंच हे. औषध नंतर.

यातली एक गोष्ट वाचकांपैकी ज्यांचं गावी जुनं घर आहे त्यांच्या थेट कामाची आहे. पूर्वीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि पुन्हा बाहेर सोडतो, म्हणजे भिंत श्वास घेते म्हणा ना. आपण काय करतो? भिंतीला ओल दिसली की गवंड्याला बोलावतो आणि वरून झकास सिमेंटचं प्लास्टर मारतो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. पाणी आतच अडकतं, क्षार साचतात, आतली वीट भुसभुशीत होते आणि काही वर्षांत प्लास्टर आतल्या विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतं. घर वाचवायला केलेला खर्च घराच्या जिवावर उठतो. म्हणून हे विद्यार्थी चुना कसा विरवतात, घाणीत कसा मळतात, त्यात पूर्वी गूळ, बेलफळ, मेथी अशा गोष्टी का घालत, हे जुन्या गवंड्यांजवळ बसून शिकतात. मोठ्या पदवीच्या वर्गात धोतर नेसलेला, शाळेची पायरीही न चढलेला कारागीर शिकवायला उभा राहतो, तो दिवस बघण्यासारखा असतो.

पण कॉन्झर्वेशन म्हणजे फक्त चुना-लाकूड असं समजलात तर फसाल. वाड्याचे हिस्सेदार बारा. त्यातले तीन पुण्यात, दोन बंगळुरूत, एक न्यू जर्सीत. खाली भाडेकरू तीन पिढ्यांपासून जुन्या भाड्यावर राहतोय. थोरल्या काकांना वाडा राखायचाय, धाकट्यांना बिल्डरला द्यायचाय आणि वहिनींना इतकंच हवंय की रात्री बाथरूमला जायला चौक ओलांडावा लागू नये. वहिनींची मागणी सगळ्यात रास्त आहे! जो विद्यार्थी नक्षीदार खांबांचे फोटो काढतो पण बाथरूम कुठे बसवायचं याचं उत्तर देत नाही, त्याचा प्रकल्प कितीही देखणा असो, तो वाडा पडणार हे नक्की.

त्यात कायदाही शिकावा लागतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीने हे नियम पक्के झाले. पण स्मारकाशेजारी राहणाऱ्या माणसाने गळणाऱ्या छपराचं काय करायचं? थिअरीच्या पेपरात हा प्रश्न दोन ओळींत सुटतो, प्रत्यक्षात तिथल्या रहिवाशांना कागद घेऊन फिरावं लागतं. मुंबईने १९९५मध्ये वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली केली, तेव्हापासून संरक्षित स्मारकांच्या यादीत नसलेल्या इमारतींचाही विचार सुरू झाला. २०१७मध्ये अहमदाबादचं जुनं शहर आणि २०१८मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत आल्या. २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यातला जिंजी थेट तमिळनाडूत आहे. एवढ्या सगळ्याची निगा राखायला जाणकार माणसं लागणार.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांना इथे एक वेगळीच संधी आहे. इंदूरचा राजवाडा, बडोद्याच्या इमारती, तंजावरच्या राजवाड्यातला मराठ्यांच्या काळातला भाग, हे सगळं तुमच्या शहरात आणि तुमच्या घरच्या भाषेत आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतले कागद आहेत. मोडी वाचता येणारे आर्किटेक्ट किती असतील? आजोबांकडून किंवा एखाद्या वर्गातून मोडी शिकून घेतलीत तर शेवटच्या सत्रातल्या प्रबंधात तुम्हाला जुन्या इमारतीचा खर्च, दुरुस्ती, कारागिरांचा उल्लेख थेट मूळ कागदात शोधता येईल. हे काम कोणतंही सॉफ्टवेअर शिकून होत नाही.

प्रवेश आणि पैसा

एम.आर्क. साधारण दोन वर्षांचं, चार सत्रांचं. सरकारी संस्थांसाठी मुख्य दार म्हणजे गेट परीक्षेचा ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ पेपर. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे. पेपरात एक भाग सगळ्यांना सारखा, पुढे आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांपैकी एक भाग निवडायचा. एनआयटी आणि भोपाळ, विजयवाड्यासारख्या एसपीएंसाठी सीसीएमटी नावाचं एकत्रित समुपदेशन असतं. आयआयटींची प्रक्रिया वेगळी, महाराष्ट्रात राज्याची सीईटी आणि काही खासगी विद्यापीठांत पोर्टफोलिओ व मुलाखत. कॉन्झर्वेशन हवं असेल तर दिल्ली आणि भोपाळचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट यांच्या अभ्यासक्रमांपासून शोध सुरू करा.

पैशाचं गणित आईबाबांसमोर बसून, कागदावर मांडा. केंद्र सरकारच्या संस्थेत गेटच्या गुणांवर प्रवेश मिळाला तर विद्यावेतन मिळू शकतं. बरीच वर्षं ते दरमहा १२,४०० रुपये आहे. त्यात कुणी श्रीमंत होत नाही, पण खाणावळ आणि खोलीचं बऱ्यापैकी भागतं, आणि पंचविशीतल्या मुलीला दर महिन्याला घरी पैसे मागावे लागत नाहीत. खासगी संस्थेत फी लाखांत जाते, विद्यावेतन नसतं आणि वर अभ्यासदौरे, प्रिंट, लॅपटॉप यांचा खर्च असतोच. कर्ज काढणार असाल तर प्रवेशाआधी त्या संस्थेतून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार जणांना फोन करा. ‘कॉलेज कसं आहे’ असं विचारू नका. ‘आता काय काम करतोस आणि हप्ता किती आहे’ असं विचारा.

कॉन्झर्वेशननंतर काम कुठे मिळतं? पुरातत्त्व खातं, राज्यांचे संचालनालय, इंटॅकसारख्या संस्था, महापालिकांची वारसा विषयक कामं आणि या विषयात काम करणारी छोटी खासगी ऑफिसं. कायमच्या सरकारी जागा थोड्या आणि कंत्राटी जास्त, हे आधीच माहीत असलेलं बरं. ऑफिसं छोटी असल्यामुळे पगारही फार मोठे नसतात. मात्र तिथे तुम्ही लवकर साइटवर उभे राहता.

माझं मत विचाराल तर बी.आर्क.नंतर लगेच उडी मारण्यापेक्षा एक-दोन वर्षं काम करा, तेही शक्यतो तुम्हाला खुणावणाऱ्या विषयाच्या ऑफिसात. साइटवर गवंड्याशी चार वेळा वाद झाले की वर्गात बसून काय विचारायचं ते कळतं. मुलींच्या बाबतीत घरचे म्हणतात, ‘‘मधे नोकरी केलीस की लग्न होईल, मग शिक्षण राहीलच.’’ ही भीती खोटी नाही, पण तिचा उपाय घाईने कोणताही कोर्स पकडणं हा नव्हे. आईबाबांनी तेवढी दोन वर्षं स्थळं बघणं थांबवलं तरी पुष्कळ होईल.

परीक्षेसाठी मात्र थांबू नका. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षातही गेट देता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. कॉलेजचा अभ्यास हाताशी ताजा असताना पेपर देऊन ठेवा, नोकरी सुरू करा आणि रविवारी मोजपट्टी घेऊन गल्लीतलं एखादं जुनं घर मोजायला जा. घरमालकांना आधी विचारा. बहुतेक जण चहा देतात आणि आजोबांनी घर कसं बांधलं ते सांगत बसतात, तेही लिहून घ्या.