काच, वीज आणि जस्त

विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की, तांब्यातून वीज वाहते, काचेतून वाहत नाही. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, “सर, मोबाईलच्या काचेला बोट टेकलेले कळते कसे?” प्रश्न अगदी रास्त आहे.

त्या काचेवर केसाहून शेकडो पटींनी पातळ असा लेप असतो. इंडियम ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे दहावा हिस्सा कथिलाचे ऑक्साइड मिसळून तो करतात. त्यातून प्रकाश आरपार जातो आणि वीजही वाहते. अडचण आहे ती इंडियमची. १८६३ साली जर्मनीत जस्ताच्या खनिजात सापडलेला हा धातू आजही मुख्यतः जस्त शुद्ध करतानाच, अल्प प्रमाणात हाती येतो. साहजिकच तो महाग पडतो.

मग खुद्द जस्तच का वापरू नये? मलमात घालतात ती जस्ताची पांढरी भस्मपूड, म्हणजेच झिंक ऑक्साइड, पातळ थरात पारदर्शक असते. तिच्यात जखडलेले इलेक्ट्रॉन सोडवण्याइतकी शक्ती दृश्य प्रकाशात नसते. म्हणून तो अडत नाही. पण वीज वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन हवेत. त्यासाठी तीत किंचित ॲल्युमिनियम मिसळतात. जस्ताचा अणू बंधासाठी दोन इलेक्ट्रॉन देतो, ॲल्युमिनियमचा तीन. हा जादा तिसराच वीज वाहून नेतो.

आपल्या इंदुरात, १९८४ साली कोनशिला बसलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अशा थरांवर संशोधन झाले आहे. लेसरच्या झोताने ऑक्साइडची वाफ करून ती समोरच्या पृष्ठावर बसवायची, ही तेथील एक रीत. पण स्वस्त धातूला महाग यंत्र लागले, तर बचत ती काय? म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रुळलेली रीतही ध्यानात घ्यावी: क्षारांचे द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचे, की ऑक्साइडचा थर तयार!

जस्तातही उणीव आहे. दमट उष्ण हवेत त्याची वाहकता घटते, आणि आपला पावसाळा तर चार महिन्यांचा. तरीही काही सौरघटांवर हा लेप वापरला जातो. घरोघरच्या छपरांवर सूर्याची वीज पोहोचवायची, तर स्वस्त धातू, साधी रीत आणि टिकाऊपणा ही तिन्ही एकत्र यावी लागतील. त्या चौकस मुलाला मी एवढेच सांगतो, “बाळ, हे गणित अजून पुरे सुटलेले नाही. तुझ्यासाठी जागा आहे.”