बी-पेशींचें जगणें आणि मरणें

मरण म्हणजे बिघाड, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शरीरांतील सूक्ष्म पेशींचा व्यवहार पाहिला म्हणजे ती टिकत नाहीं. तेथें वेळेवर मरणें हें नेमून दिलेलें काम असून, तें न झाल्यानेंच कित्येक रोग उद्भवतात. याचें एक ठळक उदाहरण आमच्या पनवेल तालुक्यांतच, लोकलनें तिसऱ्या स्थानकावर असलेल्या खारघर येथें पाहावयास मिळतें. तें नीट उमजावें म्हणून प्रथम बी-पेशींची ओळख करून घेऊं.

रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडें तयार करितात, त्या बी-पेशी होत. (हें 'बी' अक्षर पक्ष्यांच्या अंगांतील 'बर्सा' नामक पिशवीवरून आलें. मनुष्यास ती पिशवी नाहीं. नांव मात्र चिकटलें.) आपल्या हाडांच्या मज्जेंत त्या रोज कोट्यवधि जन्मतात. प्रत्येकीच्या अंगावर परका पदार्थ ओळखणारा एक 'ग्राही' असतो. परंतु त्याची घडण जवळजवळ सोडतीनेंच ठरत असल्यामुळें, कांहींचा ग्राही नेमका आपल्याच शरीरास चिकटणारा निघतो. अशा पेशीस तो बदलण्याची एक संधि मिळते. तेवढ्यानेंहि न भागल्यास बहुधा तिचा शेवट मज्जेंतच होतो.

येथून सुटलेल्या पेशीसहि आयुष्याची सनद मिळते असें नाहीं. 'जगत राहा' असा निरोप तिला सतत यावा लागतो; तो थांबला कीं मरण ठरलेलें. एक निरोप तिच्या ग्राहीकडूनच येतो. १९९७ सालीं जर्मनींत क्लाउस रायेव्स्की व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या प्रौढ बी-पेशींतून ग्राही काढून टाकला, तेव्हां त्या पेशी थोड्याच दिवसांत नाहींशा झाल्या. दुसरा निरोप 'बाफ' नामक प्रथिनाचा. शेजारच्या इतर पेशी तें मोजकेंच पुरवितात, म्हणून बी-पेशींची संख्याहि मोजकीच राहते. पात्रें जेवढीं, तेवढीच पंगत. उंदरांत हें प्रथिन वाजवीपेक्षां अधिक झालें, तेव्हां मरावयास हव्या होत्या अशा पेशीहि जगल्या आणि स्वतःच्याच शरीरावर उठल्या. ल्यूपस या मनुष्याच्या रोगावर बाफला अडविणारें औषध २०११ पासून वापरांत आहे, तें याच ज्ञानाचें फळ.

पुढें खरोखरच जंतु सांपडला, तरी बी-पेशीस टी-पेशीचा दुजोरा बहुधा लागतोच. तो मिळाला तर ती वाढून शेंकडों होते. न मिळाल्यास मरते. ही व्यवस्था आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते, कारण एकटीच्या साक्षीवर लढाई सुरू होत नाहीं.

हे सर्व निरोप पेशीच्या पोटांत एका तराजूंत पडतात. 'बीसीएल-२' हें प्रथिन जगण्याचें पारडें सांवरतें, तर 'बिम' मरणाचें. मरणाचें पारडें जड झालें कीं पेशी आकसते, तिचे तुकडे होतात, आणि भक्षक पेशी ते गिळून टाकितात. सूज नाहीं कीं पू नाहीं. कर्नाळ्याच्या रानांत माघ-फाल्गुनांत होणारी पानगळ वाचकांनीं पाहिली असेलच. १९७२ सालीं कर, वायली व करी या तीन शास्त्रज्ञांनीं या मरणास जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थहि पानें गळणें असाच आहे.

आतां ज्या पेशीस हा मरणाचा निरोप ऐकूंच येत नाहीं, तिचें काय? लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगांत दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीएल-२ अतोनात बनूं लागतें. अशा पेशी फार वेगानें वाढतात असें नाहीं. त्या मरावयाचेंच विसरतात.

बी-पेशींच्या कर्करोगांवर खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेंत ४ जून २०२१ रोजीं भारतांतील पहिला कार-टी उपचार झाला. पवई येथील आय. आय. टी. त राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं तो सिद्ध केला होता. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत नवें जनुक घालून, बी-पेशींच्या अंगावरील 'सीडी-१९' ही खूण ओळखणारा ग्राही त्यांस देतात आणि त्या परत रक्तांत सोडतात. खूण दिसतांच टी-पेशी समोरच्या पेशीस छिद्रें पाडून आंत विकरें सोडते. न आलेला मरणाचा निरोप असा हातोहात पोंचविला जातो! ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत सुमारें ७३ टक्के रुग्णांस गुण आला. म्हणजे चौघांतील एकास आला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. खर्च परदेशाच्या मानानें सुमारें एक दशांश असला तरी सामान्य कुटुंबास तो डोंगराएवढाच आहे.

शिवाय सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरहि असल्यामुळें त्याहि मारल्या जातात, आणि कित्येक रुग्णांस बाहेरून प्रतिपिंडें टोंचावीं लागतात. मात्र मज्जेंत वर्षानुवर्षें ठाण मांडून बसलेल्या, प्रतिपिंडें गाळणाऱ्या कांहीं जुन्या पेशींनीं ती खूण केव्हांच टाकून दिलेली असते. त्या वांचतात, म्हणून बालपणीं टोंचलेल्या गोंवराच्या लशीचीं प्रतिपिंडें अशा उपचारानंतरहि अनेकांच्या रक्तांत सांपडतात.