ज्ञानाच्या वाटेत अंतराय नको

भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना जवळ बसवून विद्या दिली. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आलेली ही कथा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. अंकविद्येचा आरंभच कन्येपासून झाला असे मानणाऱ्या समाजात मुलींच्या विज्ञानशिक्षणाचा प्रश्न उरायला नको होता. तरीही तो उरला आहे. मात्र आता तो महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी उभा नाही; तो पदवीनंतरच्या वळणावर उभा आहे.

उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत 29.8 लाख विद्यार्थिनी आणि 27.4 लाख विद्यार्थी होते. म्हणजे वर्गात मुली संख्येने पुढे आहेत. परंतु 2018 मध्ये देशातील संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण 16.6 टक्केच होते. वर्गातून बाहेर पडलेल्या या मुली प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाहीत, त्या जातात कुठे?

भिवंडीकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सूत घेतले, सायझिंग केले, बीम मागावर चढवला आणि चार वार कापड विणून माग बंद केला, असे कोणताही कारखानदार करणार नाही. मुलीच्या शिक्षणाबाबत मात्र आपण नेमके हेच करतो. कल्याण वा ठाण्याहून लोकल पकडून ती मुंबईत एम.एस्सी. पूर्ण करते, आणि पीएच.डी.चा विषय निघताच घरात शांतपणे म्हटले जाते, "आता पुरे." कोणी रागावत नाही, कोणी मनाई करीत नाही, विषय फक्त पुढे सरकत नाही.

कमलाबाईंची वाट

या संदर्भात कमला सोहोनी यांचे चरित्र पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. त्या माहेरच्या भागवत. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत उत्तम यश मिळवून 1933 मध्ये कमलाबाईंनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ स्त्री म्हणून, तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे, काम समाधानकारक ठरल्यावरच त्याला मान्यता, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येऊ न देण्याची हमी. वर्षअखेरीस त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. परंतु तो अपमान कमलाबाई उतारवयातही विसरल्या नव्हत्या.

पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या श्वसनक्रियेशी संबंधित द्रव्यावर संशोधन केले आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. 1947 मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. येथे विवाहाने त्यांचे काम थांबले नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. नीरा, तांदूळ आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. ठाणे-कोकणातील घराघरांत शिजणाऱ्या वालात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ते वेगळे काढून दाखवण्याचे कामही त्यांच्याच प्रयोगशाळेतले. वाल नीट शिजवून खावेत, या स्वयंपाकघरातील जुन्या शहाणपणामागचे हे शास्त्र होय. एवढे कर्तृत्व असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना काही वर्षे विलंबानेच मिळाले.

कमलाबाईंच्या वाटेतले अडथळे संस्थेचे होते. घर त्यांच्या पाठीशी होते. आज नियम पुष्कळ बदलले आहेत. म्हणून घराने कोणती बाजू घ्यायची, याला अधिकच महत्त्व आले आहे.

माहीत असावे असे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण कालावधीत मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रबंध पूर्ण करण्यासाठी पुनर्नोंदणीसह मिळणाऱ्या कमाल आठ वर्षांखेरीज तिला आणखी दोन वर्षे मिळू शकतात. विवाहामुळे गाव बदलल्यास, ठरावीक अटी पाळून, संशोधन नव्या संस्थेत नेण्याचीही तरतूद आहे. सुरत, पुणे वा बंगळुरूला सून म्हणून जाणाऱ्या मुलीसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. त्यासाठीच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे. संसारामुळे खंड पडलेल्या वैज्ञानिक स्त्रियांना परत आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2002-03 पासून योजना सुरू केल्या. आज त्या 'वाइज-किरण' या नावाने चालतात.

सगळा दोष घरावर टाकणेही योग्य नाही. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळुरूची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज यांच्या 2010 मधील अभ्यासात ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले सहभागी होत्या. पुण्यात शिकलेल्या रोहिणीताईंनी मुंबई विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केले होते. संशोधन सोडलेल्या अनेक स्त्रियांनी घरच्या जबाबदारीपेक्षा योग्य नोकरीची संधी न मिळणे हे कारण सांगितल्याचे या अभ्यासात आढळले. म्हणजे घराने साथ दिली, तरी विद्यापीठांना आपली नेमणुकांची रीत तपासावीच लागेल.

घराने काय करावे

स्थळ पाहताना गोत्र, व्यवसाय आणि खानपान यांबरोबरच "मुलीचे संशोधन सुरू राहील ना?" हा प्रश्नही पहिल्याच बैठकीत, मुलीसमक्ष विचारावा. प्रयोग रात्री उशिरा संपला, तर स्टेशनवर न्यायला घरातील कोणी जावे. रोजची चौकशी तिच्या परतण्याच्या वेळेपुरती न ठेवता कामाचीही करावी. नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी या सेवेला ज्ञानदानाचाच भाग मानावे. प्रत्येक मुलीने शास्त्रज्ञ व्हावे असा आग्रह नाही. पण जिला व्हायचे आहे, तिने केवळ आपल्या संकोचामुळे थांबू नये.

समाजाला याचा वस्तुपाठही नवा नाही. मुंबईचे जवाहीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी आपल्या कन्या मगनबाई यांना, अल्पवयात वैधव्य आले असतानाही, विद्येच्या मार्गावर नेले. त्याच मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रम उभारून असंख्य स्त्रियांना शिकवले. व्यापारी बापाने एका मुलीवर ठेवलेला विश्वास असा फळाला आला.

ज्ञानपंचमीला आपण ग्रंथ आणि लेखणी यांची पूजा करतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणे हेही एक कारण आहे. अंतराय दार बंद करूनच होतो असे नाही. तो निरुत्साहाने होतो, पुढे ढकलण्याने होतो, मौनानेही होतो. आपल्या घरातील एखादी सुंदरी अंक शिकून प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचली असेल, तर तिच्या वाटेत उभे राहण्याचे कर्म आपल्या हातून घडू नये.